धुऱ्यावरचा तरोटा

वर्धा जिल्ह्यात तरोटा कोणी पेरत नाही, तरी तो कधी कमी पडत नाही. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की धुऱ्यावर, पांदणीच्या दोन्ही कडांना, पडक्या घरांच्या मातीवर, रुळालगत आणि शाळेमागच्या मोकळ्या जागेत तो दाटीनं उगवतो. पोळ्यापर्यंत गुडघ्याच्या वर जातो, पिवळी फुलं धरतो आणि दिवाळीच्या पुढेमागे त्याच्या लांब, बारीक, बाकदार शेंगा वाळून तडकू लागतात. पान चुरलं की उग्र वास येतो. त्या वासामुळे गुरं त्याला तोंड लावत नाहीत. चराईच्या जागेवरचं बाकी सगळं खाल्लं जातं आणि हा एकटा मातत राहतो. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव सेन्ना टोरा. जुन्या पुस्तकांत तो कॅसिया टोरा म्हणून सापडेल. कोकणात आणि देशावर याच झाडाला टाकळा म्हणतात.

औषधी वनस्पतींवरच्या आपल्याकडच्या पुस्तकांचा एक साचा ठरून गेला आहे. वर झाडाचं चित्र, खाली संस्कृत नावं, आणि मग खोकल्यापासून मुळव्याधीपर्यंत वीस-पंचवीस रोगांची यादी. तरोट्याच्या वाट्यालाही अशी यादी आली आहे: खरूज, नायटा, इसब, जंत, खोकला, बद्धकोष्ठ, विंचवाचं विष, यकृताचे विकार, अलीकडे मधुमेह आणि कोलेस्टेरॉलही. एवढं सगळं एका रोपाच्या नावावर लिहिलं गेलं की जाणता वाचक पुस्तक मिटतो. तो चुकत नाही. माझ्या मते या यादीनं तरोट्याचं नुकसानच केलं आहे, कारण तिच्यातला एक दावा खरोखर दमदार आहे आणि तो बाकीच्या गर्दीत हरवला. तो दावा नायट्याचा. ही प्रस्तावना मुख्यतः त्या एकाच दाव्याबद्दल आहे.

नायटा, गजकर्ण, दाद. कातडीवर गोल चकंदळ उठतं, कडेनं लाल, खवल्यांचं, मधे जरा निवळलेलं, आणि खाज अशी की माणूस चारचौघांत लाजतो. जांघेत, कमरेला, काखेत, स्तनांखाली, जिथे घाम साचतो तिथे ते पसरतं. कारण असतं कातडीच्या वरच्या मेलेल्या थरावर जगणारी बुरशी. पूर्वी हा किरकोळ आजार समजला जायचा. दोन-तीन आठवडे मलम लावलं की मिटायचा. गेल्या दहा-पंधरा वर्षांत चित्र पालटलं. आता एकाच घरातल्या चार माणसांना एकाच वेळी गजकर्ण असतं, सहा-सहा महिने हटत नाही, गोळ्या संपल्या की पंधरा दिवसांत परत येतं. पावसाळ्यात कोणत्याही मोठ्या दवाखान्याच्या त्वचारोग विभागाबाहेरची रांग बघावी, तिच्यात हीच तक्रार सगळ्यात जास्त.

यामागे दोन गोष्टी आहेत. एक आपण केलेली. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी मिश्र मलमं, ज्यांत बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉइड असं सगळं एकत्र कालवलेलं असतं. स्टेरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते, लाली उतरते, माणूस खूष होतो. आत बुरशी मात्र निवांत वाढत राहते, कारण तिला अडवणारी शरीराची प्रतिक्रियाच दाबली गेलेली असते. मलम सोडलं की नायटा दुप्पट होऊन उठतो, आणि त्याचं रूप इतकं बिघडलेलं असतं की डॉक्टरलाही चटकन ओळखू येत नाही. जांघेतली कातडी कागदासारखी पातळ होते आणि तिच्यावर कायमचे पट्टे उमटतात. 2018 साली केंद्र सरकारनं अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम कागदावर आहे; दुकानात काय चालतं ते कोणत्याही बाजारदिवशी पाहता येईल.

दुसरी गोष्ट बुरशीनं केलेली. टर्बिनाफीन हे नायट्याचं हुकमी औषध. बुरशीच्या पेशीचं आवरण ज्या द्रव्यानं बनतं, ते तयार करणाऱ्या एका विकरालाच ते पकडतं. आता भारतात पसरलेल्या बुरशीच्या अनेक वाणांत त्या विकराच्या जनुकात बदल झाला आहे आणि औषधाची पकड सुटते. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी या वाणाला स्वतंत्र जात मानून ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं. नावातच आपला देश आला आहे, आणि त्यात मिरवण्यासारखं काही नाही. ही बुरशी प्रवाशांबरोबर युरोपात पोचली आणि 2023 मध्ये न्यूयॉर्कमधल्या रुग्णांतही तिची नोंद झाली. त्वचारोगतज्ज्ञ आता इट्राकोनाझोलच्या गोळ्या आठवडेच्या आठवडे देतात. रोजमजुरीवर जगणाऱ्या कुटुंबात चौघांना एकाच वेळी एवढे दिवस गोळ्या घेणं परवडत नाही, म्हणून एकजण घेतो, बाकीचे तेच टॉवेल वापरत राहतात, आणि चक्र सुरू राहतं.

नायट्यावरच्या जुन्या लेपाकडे पुन्हा नीट बघायला हे कारण पुरेसं आहे.

तरोटा आणि नायटा यांची सांगड नवी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला तिसरा अध्याय आरग्वधीय म्हणून ओळखला जातो. त्यात कातडीच्या विकारांवरचे लेप सांगितले आहेत, आणि पहिल्याच लेपात बहाव्याच्या लगोलग एडगज येतो. एडगज म्हणजे आपला तरोटा. भावप्रकाशात तो चक्रमर्द म्हणून येतो, आणि दद्रुघ्न या त्याच्या दुसऱ्या नावात तर रोगाचाच उल्लेख आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम डायमॉक या मुंबईतल्या सरकारी औषधभांडाराच्या प्रमुखानं दोन सहकाऱ्यांबरोबर फार्माकोग्राफिया इंडिका हा मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यात तरोटा आहे. वामन गणेश देसाई यांच्या ओषधीसंग्रहातही तो आहे. या परंपरेत वारंवार सांगितलेली लेपाची कृती अशी: पिकलेल्या बिया वाटायच्या आणि त्या आंबट ताकात, कांजीत किंवा लिंबाच्या रसात कालवून ताज्याच लावायच्या. पाण्यात कालवायला सहसा कोणी सांगत नाही. हा आंबटपणा लक्षात ठेवावा, त्याचं काम पुढे आहे.

आता जरा आडवाट. 1860 च्या दशकात मुंबईच्या बाजारात एक पिवळसर तपकिरी भुकटी विकली जात होती. नायट्यावर तिच्यासारखा गुण कशालाच नव्हता म्हणतात. ती गोव्याहून येई, म्हणून इंग्रज तिला गोवा पावडर म्हणत. ती कशापासून बनते हे विकणारे सांगत नसत, बहुधा त्यांनाही ठाऊक नसावं. 1875 च्या सुमारास ब्राझीलमधल्या बाहियाच्या दा सिल्वा लिमा या डॉक्टरांनी उलगडा केला: तिकडच्या अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातल्या भेगांत ही भुकटी साठते, आणि पोर्तुगीज जहाजांतून ती त्यांच्या गोव्यापर्यंत पोचली होती. लंडनमध्ये तिचं पृथक्करण झालं, आणि तिथल्या बॅलमॅनो स्क्वायर या त्वचारोगतज्ज्ञानं ती सोरायसिसवर वापरून पाहिली. गुण आला. तिच्यातल्या औषधी द्रव्याला क्रायसारोबिन म्हणू लागले. पुढे पहिल्या महायुद्धात ब्राझीलचा माल जर्मनीत पोचेना, तेव्हा जर्मन रसायनतज्ज्ञांनी तिच्याच धर्तीवर 1916 मध्ये एक कृत्रिम औषध तयार केलं. तेच डिथ्रेनॉल. शंभर वर्षांनंतरही सोरायसिसवर ते वापरात आहे.

ही कथा तरोट्याच्या पुस्तकात का सांगायची? क्रायसारोबिनमधला मुख्य घटक म्हणजे क्रायसोफेनिक आम्लाचं अँथ्रोन. 1975 साली आचार्य आणि चटर्जी या दोन भारतीय संशोधकांनी तरोट्याच्या बियांतून बुरशीविरोधी मुख्य द्रव्य वेगळं काढलं, आणि तेही क्रायसोफेनिक आम्लाचं अँथ्रोनच निघालं. म्हणजे ज्या भुकटीसाठी मुंबईकर गोव्याकडे आणि गोवा ब्राझीलकडे बघत होता, तिच्यातला कामाचा ऐवज आपल्या धुऱ्यावर दरवर्षी फुकट पिकत होता. अर्थात प्रमाणात फरक आहे. अरारोबाच्या भुकटीत तो ठासून भरलेला असतो, तरोट्याच्या बीत थोडा. म्हणून तरोट्याचा लेप सौम्य असतो आणि क्रायसारोबिन कातडी सोलवटून काढी, डोळ्यांत गेलं तर भयंकर दाह होई, कपड्यांवर न जाणारे डाग पडत.

त्याच शोधातली एक बारीक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. हे अँथ्रोन हवेत टिकत नाही. हवेतला प्राणवायू लागला की त्याचं रूप पालटतं आणि बुरशीवरची धार जाते. प्रयोगशाळेत नायट्याच्या बुरशीवर ते चाललं, पण संशोधकांनी सोबत क जीवनसत्त्व, म्हणजे एस्कॉर्बिक आम्ल, घातलं तेव्हा. ते नसताना बुरशी वाढतच राहिली. आता लिंबाच्या रसात काय असतं ते वाचकाला सांगायला नको. बिया ताज्या वाटा, आंबट रसात कालवा, लगेच लावा, उरलेला लेप उद्यासाठी ठेवू नका. हे सांगणाऱ्या आजीला ऑक्सिडीकरण हा शब्द ठाऊक नसेल, पण तिच्या कृतीतली प्रत्येक अट त्या शब्दाशी जुळते. इथे मात्र थांबायला हवं. जुळणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. ताकात क जीवनसत्त्व नगण्य असतं, तरी ताकाच्या लेपाचीही शिफारस आहेच. तिथे काम आंबटपणाचं असेल किंवा आणखी कशाचं. लिंबाच्या रसानं चिरलेल्या, ओरखडलेल्या कातडीची आग होते ती वेगळीच. पण एवढं नक्की की बाजारात डबीत भरून वर्षभर विकली जाणारी तरोट्याची पूड आणि ताजा लेप यांना एकच औषध मानता येणार नाही. त्या पुडीनं गुण आला नाही म्हणून झाडाला बोल लावणं अन्यायाचं आहे, आणि लेपाचा मोठेपणा सांगून ती पूड खपवणं ही लबाडी.

वर्ध्यात बसून हे लिहिताना गांधीजींचा विषय टाळता येत नाही, टाळूही नये. 1934 च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, त्याचं काम सुरू झालं. तिथे खेड्यातल्या अन्नाची तपासणी चाले, आणि 1935 च्या फेब्रुवारीत गांधीजींनी हरिजनमध्ये हिरव्या पानांच्या पोषणमूल्यावर लेख लिहिला. गरिबाच्या ताटात भाजी नाही आणि त्याच्या दाराशी मात्र ती उगवते, ही विसंगती त्यांना टोचत होती. तरोट्याची कोवळी पानं हे तिचं उत्तम उदाहरण. पहिल्या पावसानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत खुडलेली, लसूण-मिरचीच्या फोडणीत, मुगाच्या किंवा चण्याच्या डाळीबरोबर शिजवलेली ही भाजी विदर्भात आजही आवडीनं खाल्ली जाते. पोट साफ होतं, कारण सोनामुखीच्या कुळातल्या या झाडात रेचक द्रव्यं आहेतच. म्हणून ती हंगामात चार वेळा खावी, रोज नाही. आणि फुलं धरल्यावर तर पानं घेऊच नयेत.

पण गांधीजींची आणखी एक बाजू आहे, जी वनौषधींच्या पुस्तकांत सहसा येत नाही. 1925 मध्ये कलकत्त्यात अष्टांग आयुर्वेद विद्यालयाच्या कार्यक्रमात त्यांनी वैद्यांना खडे बोल सुनावले. पाश्चात्त्य वैद्यकाबद्दल त्यांच्या तक्रारी कमी नव्हत्या, तरी तिथली संशोधनाची तळमळ वैद्यांमध्ये दिसत नाही, ते पूर्वजांच्या पुंजीवर जगतात, असा त्यांचा सूर होता. वैद्यमंडळी नाराज झाली, गणनाथ सेनांसारख्या मान्यवरांनी हरकत घेतली, आणि गांधीजींनी यंग इंडियात उत्तर देताना आपलं म्हणणं सोडलं नाही. निसर्गोपचाराचा एवढा आग्रह धरणाऱ्या माणसानं हे म्हणावं, हे विशेष. तरोट्याच्या बाबतीत मला तीच वृत्ती हवी आहे.

संशोधनाची ती तळमळ या जिल्ह्यात एकदा दिसली आहे, आणि तीही कातडीच्या रोगातच. 1936 मध्ये मनोहर दिवाणांनी दत्तपूरला महारोग्यांची सेवा सुरू केली. परचुरे शास्त्री नावाचे संस्कृत पंडित कुष्ठरोगी म्हणून सेवाग्रामला आले आणि गांधीजी स्वतःच्या हातांनी त्यांची मालिश करत. त्या काळी या रोगावर मुख्य उपाय होता चालमोगऱ्याचं, म्हणजे कडू कवठाच्या कुळातल्या झाडांचं तेल. तेही वनस्पतीचंच, तेही परंपरेतून आलेलं, आणि जगभरच्या डॉक्टरांनी स्वीकारलेलं. त्याचा गुण अपुरा होता. 1951 मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान उभं राहिलं. डॉ. वारदेकरांनी डॅप्सोनच्या गोळ्या हाती घेऊन गावोगाव पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार अशी पद्धत बसवली, जी पुढे देशाच्या कार्यक्रमाचा पाया झाली. एका औषधानं रोगजंतू निर्ढावतो असं दिसल्यावर बहुविध औषधोपचार आला, आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तो देशात ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी सुरू झाला त्यांत वर्धा होता. गांधींच्या नावानं चालणाऱ्या संस्थेनं झाडाच्या तेलाचा हट्ट धरला नाही. मोजलं, कमी पडलं, सोडून दिलं. तरोट्याला हीच कसोटी लावायची तर निकाल विरुद्ध गेला तरी स्वीकारायची तयारी आधीच हवी.

ओघात आलंच आहे तर एक इशारा. संस्कृत ग्रंथांतला कुष्ठ हा शब्द कातडीच्या अनेक विकारांना मिळून वापरलेला आहे. तिथे चक्रमर्द कुष्ठावर सांगितला म्हणून तो महारोगावर चालतो असं समजणं घातक आहे. कातडीवरचा चट्टा फिकट असेल, खाजत नसेल, टोचलेलं कळत नसेल, तर त्याच्यावर तरोटा किंवा कोणताच लेप न लावता सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं. तिथल्या गोळ्या फुकट आहेत आणि त्या वेळेवर घेतल्या तर हातापायाची बोटं वाचतात.

दुसरा इशारा याहून गंभीर. तरोट्याचा एक भाऊबंद आहे, कासविंदा, शास्त्रीय नाव सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस. त्याच उकिरड्यावर, त्याच पडक्या जागेत, तशीच पिवळी फुलं घेऊन तो उभा असतो. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या बिजनौर भागात दर हिवाळ्यात लहान मुलं तापाविना अचानक बेशुद्ध पडून दगावत. वर्षानुवर्षं हा मेंदूज्वर समजला गेला. डॉ. विपिन वशिष्ठ आणि डॉ. टी. जेकब जॉन यांनी 2007 च्या सुमारास दाखवून दिलं की मुलांनी खेळताना कासविंद्याच्या शेंगा खाल्ल्या होत्या. त्यांच्या विषानं यकृत, स्नायू आणि मेंदू एकाच वेळी निकामी होत होते. 2016 मध्ये ओडिशातल्या मलकानगिरीत मुलांचे बळी गेले तेव्हा जपानी मेंदूज्वराच्या जोडीनं पुन्हा याच शेंगांकडे तज्ज्ञांनी बोट दाखवलं. म्हणून ओळख पक्की हवी. तरोट्याच्या एका पानाला गोलसर टोकाच्या पर्णिकांच्या तीन जोड्या असतात. कासविंद्याला चार-पाच जोड्या, आणि पर्णिका टोकदार. तरोट्याची शेंग लांब, बारीक, बाकदार. कासविंद्याची चपटी, जवळजवळ सरळ, कडा फिकट. तरोट्याची बी चकचकीत आणि दोन्ही टोकांना तिरपी कापल्यासारखी असते. ज्याला हा फरक दहा रोपांत दहा वेळा सांगता येत नाही, त्यानं भाजी खुडू नये आणि बीही गोळा करू नये. खुद्द तरोट्याच्या कच्च्या बियाही पोटात घेण्याचं औषध नाहीत. त्याच्या अगदी जवळच्या जातीच्या बिया धान्यात मिसळल्या गेल्यानं कोंबड्या आणि गुरं आजारी पडल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत. चीन-जपानमध्ये याच गटातल्या बिया भाजून त्यांचा काढा चहासारखा पितात, तो भाजण्याच्या संस्कारानंतर.

बियांना बाजार आहे, पण तो औषधाचा नाही. विदर्भातल्या खेड्यांत हिवाळ्यात बायका वाळलेली झाडं उपटतात, झोडपतात, पाखडतात आणि बिया व्यापाऱ्याला घालतात. पुढे त्या कारखान्यात जातात आणि आतल्या पांढऱ्या गरापासून डिंक काढला जातो. हा कॅसिया डिंक मुख्यतः कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद अन्नाला घट्टपणा यावा म्हणून जातो. माणसाच्या खाण्यातही युरोपात त्याला ई 427 या क्रमांकानं मान्यता आहे, पण अट अशी की त्यात अँथ्राक्विनोन, म्हणजे अँथ्रोनच्याच घराण्यातली द्रव्यं, जवळपास उरता कामा नयेत. गंमत बघा: ज्या घराण्यातल्या द्रव्यामुळे तरोटा नायट्यावर चालतो, ते कारखान्यात कचरा म्हणून धुवून काढलं जातं. त्या कचऱ्याचं काय होतं, त्यातून मलमाचा कच्चा माल निघेल का, हे विचारायला ग्रामोद्योगांची परंपरा असलेल्या वर्ध्याइतकी योग्य जागा दुसरी नाही. मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, आणि शेजारीच 1938 साली गांधीजींनी उद्‌घाटन केलेलं मगन संग्रहालय, जिथे खादीच्या नैसर्गिक रंगाईवर काम चालतं. रंगाऱ्यांनाही तरोटा परका नसावा. दक्षिणेत निळीचा हौद आंबवायला याच बिया वापरत आले आहेत.

शेतकऱ्याच्या लेखी मात्र तो तणच. सोयाबीनच्या वावरात तो डोकं काढतो आणि तणनाशक खातो. पण जबलपूरची तण संशोधन संस्था गाजर गवताला रेटा द्यायला तरोट्याच्या बिया पेरा असं सांगते. काँग्रेस गवत म्हणून ज्याला आपण ओळखतो आणि जे 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा डोळ्यांत भरलं, त्याच्या अंगाला अंग लागलं तरी काहींच्या कातडीवर पुरळ उठतं. एका झाडानं कातडी बिघडवावी आणि दुसऱ्यानं त्याची जागाच घ्यावी, हा उपचार कोणत्याही ग्रंथात नाही, पण मला तो आवडतो.

आता मुद्द्याचं. तरोट्याच्या लेपाबद्दल जे लिहिलं गेलं आहे त्यातलं बरंचसं काचेच्या बशीतलं आहे. बशीतली बुरशी मेली म्हणजे जांघेतली मरेल असं नाही, कारण जांघेत घाम आहे, घर्षण आहे, केसांच्या मुळांत दडलेले तंतू आहेत आणि शेजारी झोपणारा नवराही आहे. हवी आहे ती साधी, चोख चाचणी. डॉ. सुशीला नय्यर यांनी 1969 मध्ये सेवाग्रामला उभं केलेलं वैद्यकीय महाविद्यालय इथे आहे, सावंगीला दुसरं आहे, सालोडला आयुर्वेद महाविद्यालय आहे. या तिन्ही जागा एकमेकींपासून काही किलोमीटरवर. रुग्ण दोन गटांत चिठ्ठी टाकून वाटायचे. दोन्ही गटांना आज जे प्रमाण औषध मानलं जातं तेच द्यायचं, कारण कोणालाही औषधाविना ठेवणं अनीतीचं आहे. एका गटाला वर तरोट्याचा ताजा लेप, दुसऱ्याला तसाच दिसणारा दुसरा काही. सुरुवातीला आणि शेवटी कातडीचे खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, आणि औषध थांबवल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा बोलवायचं, कारण नायट्याची खरी परीक्षा तो परत येतो की नाही यातच आहे. बुरशी कोणत्या जातीची, टर्बिनाफीनला दाद देते की नाही, हेही तपासायचं. तरोट्यातली द्रव्यं टर्बिनाफीनहून अगदी वेगळ्या घराण्यातली आहेत. तिथे निर्ढावलेली बुरशी इथे नमते का, हा प्रश्न म्हणून विचारण्याजोगा आहे.

चाचणीआधी मात्र एक कंटाळवाणं काम पार पाडावं लागेल, आणि ते टाळल्यामुळेच अशा बहुतेक अभ्यासांना पुढे कोणी विचारत नाही. लेप म्हणजे नेमकं काय, ते ठरवायचं. आर्वीकडच्या मुरमाड टेकडीवरची बी आणि हिंगणघाटच्या काळ्या कसदार मातीतली बी सारख्याच ताकदीची आहे का? कोवळ्या शेंगेतली आणि तडकलेल्या शेंगेतली? वाटल्यापासून किती मिनिटांत अँथ्रोन निम्म्यावर येतं, ताकात किती, लिंबात किती, साध्या पाण्यात किती? हे मोजणारी यंत्रं या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळांत आहेत आणि बी शंभर पावलांवर आहे. पदव्युत्तर अभ्यासाचा विषय शोधणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यानं कार्तिकात एक पोतं बी गोळा करून ठेवावी, गोळा केल्याची जागा आणि तारीख पोत्यावर लिहावी, आणि आधी प्रत्येक मुठीतून कासविंद्याची बी वेचून काढावी.